ऑफिसातली जात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत मनुष्यबळ विभागात बरीच वर्षं काढली आणि आता नोकरीतल्या तक्रारींवर सल्ला देते. खालचे प्रश्न मला मेसेज आणि फोनवरून सतत येतात, बहुतेक रात्री अकरानंतर. निम्म्यांची सुरुवात "माझं नाव कुठे येऊ देऊ नका" अशी असते. तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकत्र लिहून ठेवतेय. उत्तरं सर्वसाधारण आहेत. गुन्हा दाखल करायच्या पायरीवर असाल तर आधी वकील गाठा.

१. आमच्या ऑफिसात कोणी कोणाची जात विचारत नाही. मग प्रश्न आहे कुठे?

जात विचारत नाहीत हे खरं. आडनाव विचारतात. त्यातून उलगडा झाला नाही तर गाव, मग कुलदैवत, मग "तुमच्यात लग्नं कुठल्या पद्धतीने लागतात?" जाधव, पवार, गायकवाड अशी आडनावं बऱ्याच जातींत असतात, त्यामुळे तिथे तपास जरा लांबतो इतकंच. रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी एका मुलीला चहाच्या मशीनपाशी चार जणांनी आळीपाळीने कुलदैवत विचारलेलं मी पाहिलंय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचं उत्तर मजलाभर झालं होतं. विचारणारे चौघेही एरवी भली माणसं. त्यांच्या दृष्टीने ती ओळख करून घेणं होतं. तिने मात्र दुसऱ्या दिवसापासून डबा जागेवरच खायला सुरुवात केली.

२. 'व्यवस्थेतला भेदभाव' म्हणजे नेमकं काय? कोणी शिवी दिली नाही, हाकलून दिलं नाही, तरी भेदभाव कसा?

याला मी नेहमी गिरणीतल्या धोट्याची गोष्ट सांगते. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारं साधन. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात कमाई चांगली होती, आणि अस्पृश्य मानलेल्या कामगारांना नेमकी तिथेच जागा नव्हती. कारण वरवर पाहता कामाचं होतं. धोट्यातलं सूत संपलं की नवी कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. तोच धोटा पुढे दुसरा विणकर तोंडाला लावणार. म्हणजे उष्टं, म्हणजे विटाळ. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न थेट संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला: कामगारांच्या मागण्यांत आमच्या माणसांना विणकाम खातं खुलं करण्याची मागणी का नाही? म्हणजे अडसर एकट्या मालकाचा नव्हता. शेजारी उभा राहून घोषणा देणारा सोबतीही त्यात होता.

दारावर पाटी लावायची गरज नव्हती, कामाची रीतच राखण करत होती. कमी पगाराच्या खात्यात अडकलेल्या बापाच्या मुलाची शाळा लवकर सुटली, की त्या रीतीचा हिशेब पुढच्या पिढीच्या खात्यावर चढला.

आजचा धोटा बघायचा असेल तर ओळखीतून होणारी भरती बघा. माणूस सुचवा, बोनस मिळवा. प्रत्येक जण आपल्या कॉलेजचा, सोसायटीतला, नात्यातला मुलगा सुचवतो. कोणाच्या मनात काही वाईट नसतं. पाच वर्षांनी मजल्यावरची आडनावं वाचून काढा.

३. हा तर अमेरिकेतल्या वंशवादाचा विषय. तो आपल्याकडे कशाला ओढून आणायचा?

ओढून आणायला नको, तो दीडशे वर्षांपूर्वीच आलाय. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं.

दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मात्र मी म्हणत नाही. रंग दिसतो, जात शोधून काढावी लागते, आणि म्हणूनच प्रश्न १ मधला तो चहाच्या मशीनपाशी होणारा तपास. कायद्याच्या पातळीवरही यावर वाद आहे. वांशिक भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात 'वंश' सोबत 'कूळ' असाही शब्द आहे. कराराच्या समितीने २००२ मध्ये त्यात जात येते असं स्पष्ट केलं, भारत सरकारची भूमिका ती येत नाही अशी राहिली आहे.

४. मी सिएटलला असतो. इथल्या भारतीय टीममध्ये हेच चालतं. इथे काही कायदा आहे का?

तुमच्या शहरात आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल नगर परिषदेने भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घातला. अमेरिकेतलं असं करणारं ते पहिलं शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी तसं विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये नकाराधिकार वापरला. कारण दिलं की अस्तित्वातले कायदे पुरेसे आहेत. मंडळाच्या गणपतीत "तुमचं मूळ गाव कुठलं?" हे विचारायला सातासमुद्रापारही कोणी चुकत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून हसू आलं आणि नाहीही आलं.

५. खासगी कंपनीत आरक्षण नाही. मग तिथे निव्वळ गुणवत्तेवर निवड होते, बरोबर?

हे तपासून पाहिलेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त आडनावात: उच्चवर्णीय, दलित, मुस्लिम. दलित आडनावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीयाच्या साधारण दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. अजून कोणाचा चेहरा पाहिलेला नाही, तोंडातून शब्द ऐकलेला नाही, तेव्हाची ही चाळणी.

वरच्या टोकाला काय दिसतं? देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची मोजणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे होते, अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के.

अधल्यामधल्या पायऱ्यांवर 'घरची पार्श्वभूमी' नावाचा प्रश्न असतो. "वडील काय करतात?" मी स्वतः तो शेकडो उमेदवारांना विचारलाय, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की मी समोरच्याला मोकळं करतेय. वडील बँकेत असणाऱ्याचं उत्तर चार वाक्यांचं यायचं. वडील मजूर अड्ड्यावर उभे राहणाऱ्याचं एका शब्दाचं. मग आम्ही 'आत्मविश्वास' या रकान्यात दोघांना वेगवेगळे गुण द्यायचो.

६. पण बोलणं स्वच्छ नसेल तर क्लायंटसमोर कसं बसवायचं? तो तर कामाचाच भाग आहे.

कधी कधी असतो. बहुतेक वेळा नसतो. एका भरतीत मी पॅनेलवर होते. मुलगा डेटाबेसचं काम सांगत होता, उत्तम सांगत होता. मध्ये त्याने "पानी" म्हटलं, थोड्या वेळाने "आनि", आणि पॅनेलवरच्या एकाने माझ्याकडे बघून भुवई किंचित उचलली. तेवढंच. मुलाने ते टिपलं. त्यानंतर तो ण असलेला प्रत्येक शब्द थांबून, जपून उच्चारायला लागला आणि त्या जपण्यात त्याचं उत्तर विस्कटलं. शेऱ्यात लिहिलं गेलं: 'संवादकौशल्य मध्यम'. तो ज्या जागेसाठी आला होता तिथे त्याला दिवसभर पडद्याशी बोलायचं होतं.

मराठीत ण आणि न यांच्यामध्ये केवढी मोठी भिंत आहे हे ज्यांना कधी चढावी लागली नाही त्यांना कळत नाही. उपाय साधा आहे. जागेला बोलण्याची गरज कितपत आहे ते जाहिरात देण्यापूर्वी लिहून काढा. गरज असेल तर कोणाशी, कुठल्या भाषेत, किती, हेही लिहा. मुलाखतीनंतर सुचलेले निकष बाद. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने, आणि पॅनेलवाल्यांनी आपापसात बोलण्याआधी आपापले गुण लिहून द्यायचे. ही शिस्त लावल्यावर मुलाखती कंटाळवाण्या होतात अशी तक्रार मला येते. होऊ देत.

७. टीममध्ये मला "सरकारचे जावई" म्हणतात. मी खासगी नोकरीत आहे, आरक्षण घेतलेलंही नाही. गुन्हा होतो का?

तुम्ही अनुसूचित जातीचे किंवा जमातीचे असाल आणि बोलणारा नसेल, तर अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ लागू होऊ शकतो. खासगी कंपनी आहे म्हणून सुटका नाही. लोकांच्या दृष्टीसमोर हेतुपुरस्सर अपमान करणं, किंवा जातीच्या नावाने शिवीगाळ करणं, हे दोन्ही कलम ३ मध्ये येतं. इतरांना खुली असलेली नोकरी वा व्यवसाय करण्यापासून अडवणं हा प्रकार २०१५ च्या दुरुस्तीने त्यात घातला गेला.

"सरकारचे जावई" एवढ्या एका टोमण्यावर गुन्हा टिकेल का? जातीचा उल्लेख, हेतू आणि साक्षीदार यांवर ते ठरेल. एकट्या टोमण्यापेक्षा सहा महिन्यांची नोंद जास्त बोलते. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं, हे त्याच रात्री लिहून ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नको. 'जातिवाचक बोलले' असं मोघम लिहू नका. शब्द घाण असला तरी तसाच लिहा.

८. साहेबांनी केबिनचं दार लावून बोललं. तेव्हा?

इथे बरेच जण फसतात. कायद्याला अपमान लोकांच्या दृष्टीसमोर झालेला हवा. जागा खासगी असली तरी तिथे घडलेलं बाहेरच्यांना दिसत-ऐकू येत असेल तर चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं. चार भिंतींआड, कोणी तिसरा नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असं २०२० मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ चा निकाल तर ऑफिसातलाच आहे. तमिळनाडूतल्या एका महसूल अधिकाऱ्याला त्याच्या दालनात जातीवरून बोललं गेल्याची तक्रार होती, पण सहकारी नंतर आले. खटला रद्द झाला.

म्हणजे बंद केबिन ही पळवाट ठरते का? या एका कलमापुरती, हो. कंपनीच्या शिस्तभंगाच्या नियमांना मात्र ही अट नाही. तिथे दार लावून बोललेलंही गैरवर्तनच आहे. बाहेर आल्या आल्या घडलेलं साहेबांनाच ईमेलवर लिहा: "आत्ता आपण मला अमुक म्हणालात, ते मला अपमानास्पद वाटलं." उत्तर येवो न येवो, तारखेचा कागद तयार झाला.

९. एचआरकडे तक्रार केली तर समिती बसते का, लैंगिक छळाच्या तक्रारीला बसते तशी?

कायद्याने नाही. लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. जातीसाठी खासगी क्षेत्रात असं काही नाही. घटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. त्यामुळे सगळी भिस्त कंपनीच्या धोरणावर. ते काढून वाचा आणि 'जात' हा शब्द शोधा. धर्म, लिंग, वय, अपंगत्व सगळं असतं. परदेशी मुख्यालयातून आलेल्या धोरणात 'वंश' पण असतो. जात गाळलेली असेल तर ती घालून घेण्याची मागणी ही पहिली लढाई.

बाहेरचे रस्ते आहेत. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आणि जमाती आयोग यांना चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे अधिकार आहेत. १४५६६ ही अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आणि पोलीस आहेतच, गुन्हा नोंदवण्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

१०. ॲट्रॉसिटीचा गैरवापर होतो ना? टीममध्ये कोणाला कामावरून बोलायचीही भीती वाटते.

या वादाचं मोठं प्रकरण महाराष्ट्रातलंच, आणि नोकरीतलंच आहे. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे मारले. त्याने तक्रार दिली, अधिकाऱ्यांवर खटला चालवायची परवानगी नाकारली गेली, तेव्हा परवानगी नाकारणाऱ्यावरही गुन्हा नोंदवला गेला. हे प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा तर रद्द केलाच, वर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी आणि अटकेआधी परवानगी अशा अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८अ घालून त्या अटी काढल्या, १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी १८अ वैध ठरवलं. सकृद्दर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन देता येतो, हेही त्याच निकालात आहे.

आता तुमची भीती. कामावरून बोलायला कायदा आडवा येत नाही. रिपोर्ट उशिरा आला, कोड फुटला, हिशेब चुकला, हे सगळ्यांना ज्या शब्दांत सांगता त्याच शब्दांत त्यालाही सांगा. मला उलटच जास्त दिसतं. भीतीपोटी मॅनेजर त्या एकाला काहीच सांगत नाही, तीन वर्षं 'छान चाललंय' म्हणतो आणि बढतीच्या वेळी 'तयारी कमी' म्हणून बाजूला काढतो. चुका न सांगणं हासुद्धा त्याला मागे ठेवण्याचाच प्रकार झाला.

११. कँटीनमध्ये शाकाहाऱ्यांचं टेबल वेगळं ठेवलंय. यात काय चुकलं? प्रत्येकाची आवड असते.

आवड ताटात असते. टेबल वेगळं झालं की ती माणसाला चिकटते. भांडी वेगळी, वाढपी वेगळे, मायक्रोवेव्ह वेगळा इथपर्यंत मी समजू शकते, वासाचा खरंच त्रास होणारे लोक असतात. पण टेबलावर पाटी लागली की त्या दिवसापासून कोणाशेजारी कोण बसतं ते जुन्या रेषांवरून ठरू लागतं. आणि ऑफिसातली निम्मी कामं जेवताना ठरतात.

याच कप्प्यातलं आणखी एक: हाउसकीपिंगच्या मावशींचा कप. बघा, तो स्वयंपाकघरात सगळ्या कपांबरोबर आहे की सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी.

१२. ऑफिसात सत्यनारायण असतो, वर्गणी काढतात. १४ एप्रिलची सुट्टी मागितली तर म्हणतात, राजकारण नको.

वर्गणी ऐच्छिक असेल तर यादी दारावर लावू नका, एवढं सांगून बघा. यादी लावली की ऐच्छिकपणा संपला. मागणाऱ्याच्या हाताखाली देणारा काम करत असेल तर तो कधी नव्हताच.

सुट्टीचं मात्र कायद्यात आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार वर्षाला आठ सणाच्या पगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. 'मिळून' या शब्दावर बोट ठेवा आणि मागणी डिसेंबरमध्ये करा. एप्रिलमध्ये मागाल तर ती रजा होते.

१३. माझे वडील महापालिकेत सफाई कामगार. त्यांची नोकरी वारसाने मला मिळतेय. मी बी.कॉम. आहे. घेऊ का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि मला दर वेळी जड जातो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. मिळाली तेव्हा ती लढून मिळाली. घाणीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या घराला निदान कायमची नोकरी आणि पेन्शन राहावी, हा त्यामागचा विचार. दुसरी बाजू अशी की बापाची जात, बापाचा झाडू आणि मुलाची नोकरी यांना सरकारी कागदाने एकत्र बांधलं. पदवीधर मुलं झाडू घेतात त्यामागे पुष्कळदा खोली असते. वडील निवृत्त झाले, घरातलं कोणी कामाला लागलं नाही, की महापालिकेची वसाहत सोडावी लागते. मुंबईत दहा बाय बाराची खोली सोडून जायचं कुठे?

घ्या किंवा नका घेऊ, हे मी कोण सांगणार? घेतलीत तर पहिल्या दिवसापासून पदवीचा दाखला सेवापुस्तकात नोंदवून घ्या आणि लिपिक पदाच्या पदोन्नतीचे नियम लेखी मागा. 'तात्पुरतं ऑफिसात बसवलंय' अशा तोंडी सोयीवर दहा वर्षं काढलेले लोक मला माहीत आहेत. कागदावर ते आजही सफाई कामगारच आहेत.

कायम नसलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. कंत्राटावर तेच काम, तोच ट्रक, तोच कचरा, निम्म्याहून कमी पैसे. मुंबईतल्या सुमारे २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये कायम ठेवला, तोही संघटनेने वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्यावर.

१४. आमच्या कंपनीची सेप्टिक टाकी ठेकेदार साफ करतो. त्याने माणूस आत उतरवला तर आमच्यावर काय?

तुमच्यावरही येतं. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेण्यास बंदी आहे. थेट असो की ठेकेदारामार्फत. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाच्या २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख झाली. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका खासगी इमारतीच्या टाकीत तीन कामगार गुदमरून गेले. त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं तेव्हा २०२१ मध्ये भरपाईचा आदेश झाला.

जातीच्या पानावर हा प्रश्न कशाला, असं एकाने विचारलं होतं. टाकीत उतरणाऱ्यांची आडनावं विचारा.

१५. मी बौद्ध आहे. मित्र ख्रिस्ती, एक तडवी मुस्लिम, एक कैकाडी. कायदा सगळ्यांना सारखा?

नाही, आणि इथे कागद नीट बघावे लागतात. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांना आहे. तुम्हाला संरक्षण आहे. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो दर्जा नाही, त्यामुळे प्रश्न ७ मधला कायदाही नाही. चर्चमध्ये वेगळ्या बाकावर बसावं लागत असलं तरीही. जमातींना मात्र धर्माची अट नाही, म्हणून तडवी भिल्ल मुस्लिम हे अनुसूचित जमातीतच. कैकाडी विदर्भाच्या बहुतेक भागात अनुसूचित जातीत मोडतात, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. सोलापूरचा कैकाडी आणि नागपूरचा कैकाडी, मामा-भाचे असले तरी, कायद्याच्या दृष्टीने वेगळे.

इतर मागासवर्गीय आणि यादीत नसलेल्या भटक्या-विमुक्तांना १९८९ चा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी प्रश्न ९ मधलं कंपनीचं धोरणच काय ते.

१६. मी आसामचा, जमातीचा. पुण्यात नोकरी. तिथला दाखला इथे चालेल? आणि "चिंकी" म्हणतात त्याचं काय?

महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत आरक्षणासाठी तिथला दाखला चालत नाही. २०१८ च्या घटनापीठाने तसं स्पष्ट केलंय. अत्याचार प्रतिबंध कायद्याचं संरक्षण मात्र राज्याच्या हद्दीवर संपत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये दिला. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत. पोलीस ठाण्यात "तुमची जमात आमच्या यादीत नाही" म्हणाले तर या निकालाची प्रत पुढे करा.

"चिंकी" ही मस्करी नाही. दिल्लीत जानेवारी २०१४ मध्ये नीडो तानिया या अरुणाचलच्या तरुणाची थट्टा केसांवरून सुरू झाली आणि मारहाणीनंतर त्याचा मृत्यू झाला. ईशान्येतल्या लोकांच्या प्रश्नांवर नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी वांशिक शेरेबाजीविरुद्ध कायद्यात स्पष्ट तरतूद मागितली.

१७. तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध आहे तो, दोघेही अनुसूचित जातीचे असतील तर?

१९८९ चा कायदा लागत नाही. तो आरोपी या दोन्ही वर्गांबाहेरचा असावा लागतो. 'आमच्यात आमच्यात' होणारा उच्चनीचपणा खोटा आहे असा याचा अर्थ नव्हे. कंपनीच्या चौकशीत तो तितकाच गंभीर धरा.

१८. मी मॅनेजर आहे, सवर्ण आहे. खरंच काही करायचं आहे. व्याख्यान नको, काम सांगा.

मग मोजा. गेल्या तीन वर्षांत परदेशी प्रकल्पावर कोणाला पाठवलं, रात्रपाळी कोणाला दिली, मीटिंगचं टिपण कोण लिहितं, साहेबांसमोर सादरीकरण कोण करतं, ही यादी काढून एकटेच बसा. चांगली कामं वाटताना तुम्ही 'ज्याच्याशी पटतं' त्याच्याकडे वळता का, ते तासाभरात कळेल. मलाही कळलं होतं, माझ्या स्वतःच्या यादीत. बरं वाटलं नाही.

नंतर ती कामं आळीपाळीने वाटा आणि पाळी सगळ्यांना दिसेल अशी लावा. अप्रेझलमध्ये 'वृत्ती', 'रुजलेला नाही', 'आपल्यातला वाटत नाही' असे शब्द आले की त्यासोबत घडलेली एक घटना लिहायला लावा. घटना सापडली नाही तर शब्द खोडायचा. आणि टीममधल्या एकमेव दलित सहकाऱ्याला "तूच सांग आम्ही काय करू" म्हणून उभं करू नका. तो नोकरी करायला आलाय.

१९. कर्मचाऱ्यांची जात विचारून आकडेवारी ठेवणं हाच भेदभाव नाही का?

कशी विचारता त्यावर आहे. विचारल्याशिवाय आपल्या कंपनीतलं चित्र आकड्यांत दिसत नाही, हे तर उघड आहे. ऐच्छिक ठेवा, निनावी ठेवा, मॅनेजरच्या हाती जाऊ देऊ नका आणि वैयक्तिक फाइलशी जोडू नका. दहापेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे छापू नका. सात जणांच्या टीममध्ये 'अनुसूचित जमाती: १' लिहिणं म्हणजे नाव छापण्यासारखंच. पहिल्या वर्षी निम्मे लोक रकाना कोरा सोडतील. कोऱ्या रकान्यांचं प्रमाणही लिहून ठेवा, पुढच्या वर्षी ते बदलतं का बघायला.

२०. मी आडनाव बदललंय. ऑफिसात कोणाला माहीत नाही. मी खोटं बोलतोय का?

नाही. खासगी नोकरीत जात सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही आणि राजपत्रात प्रसिद्ध करून नाव बदलणं पूर्ण कायदेशीर आहे. जातीचं किंवा जुनं आडनाव टाकून गावावरून आडनाव घेणारी कितीतरी घरं महाराष्ट्रात आहेत. कोणाला कधी सांगायचं ते तुमच्या सोयीने.

फक्त जुने कागद फेकू नका. राजपत्राची प्रत, जुन्या नावाचा तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा दाखला, आणि आजोबांचा मिळाला तर तोही एका पाकिटात ठेवा. मुलांच्या जात पडताळणीच्या वेळी अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी बघायला तहसील कार्यालयात अर्ज करा, आणि तो आत्ताच करा. जुनी पानं हाताळून फाटत चालली आहेत.